दौलताबादचं ताट

सुलेखा : मोडकी करंजी ताटात ठेवू नको, राजा. मोडकी आपण खायची.

राजकुमार : सकाळपासून मोडकीच खातोय, ताई. तू मुद्दाम मोडतेस की काय, असा संशय यायला लागलाय.

सुलेखा : पुण्यात राहून लई हुशार झालास. नीट बघ. एका ताटात चार करंज्या, मूठभर शंकरपाळे, दोन चकल्या, दोन नानकटाया. नानकटाई सगळ्यांत शेवटी ठेव, नाहीतर चुरा होतो. वरून रुमाल.

राजकुमार : नानकटाई यंदाही भट्टीवरच केलीस?

सुलेखा : मग? पीठ, तूप, साखर घेऊन पहाटेच गेले, नंबर लावला. भट्टीवाले चाचा म्हणाले, "अम्मा नहीं आई?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, अम्मा गेली, चाचा. त्यांनी आपले पत्रे उचलले आणि सगळ्यांच्या आधी भट्टीत सारले.

राजकुमार : मी आणायचो ते पत्रे डोक्यावर. खाली आईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ. एवढा वास यायचा की वाटेत दोन नानकटाया कमी व्हायच्याच.

सुलेखा : दोन? सहा खायचास तू. आई भट्टीवर मोजून ठेवायची आणि घरी मोजून उतरवायची. मला म्हणायची, बोलू नको त्याला, वर्षातनं एकदा पोटभर खातोय.

राजकुमार : मला वाटायचं तिला कळत नाही.

सुलेखा : तिला सगळं कळायचं. चकली उचल, बघतोस काय नुसता.

राजकुमार : किती घरं आहेत?

सुलेखा : एकतीस. ही घे यादी. आईच्या हातची आहे, तेलाचा हात लावू नको.

राजकुमार : लोकांच्या आया घर ठेवून जातात, पाटल्या ठेवून जातात. आपल्या आईनं यादी ठेवली.

सुलेखा : घर मिशनचं होतं आणि बांगड्या काचेच्या. यादीच काय ती तिची स्वतःची होती.

राजकुमार : मंजुषा पोस्टवाली. शेख वकीलसाहेबांची सून. संघपालची आई. हा "चष्मेवाला" कोण?

सुलेखा : नाव माहीत नव्हतं तिला. एकदा तिच्या चष्म्याची काडी त्यानं फुकट जोडून दिली होती. तेव्हापासून नाताळचं ताट.

राजकुमार : तो अजून आहे का?

सुलेखा : त्याचा मुलगा आहे. त्यालाही कळत नाही ताट का येतं. घेतो आणि परत देताना वर साखर घालतो. रिकामं ताट कुणी परत देत नाही, एवढं त्याला बरोबर कळतं.

राजकुमार : एकतीस मोजली मी. हे बत्तिसावं ताट कशाला? आणि नवं कोरं दिसतंय.

सुलेखा : गुलमंडीवरून आणलं परवा. नाव घालून.

राजकुमार : बघू. "सुलेखा व राजकुमार साळवे, नाताळ २०२५." ताई, माझं नाव कुणाला विचारून कोरलंस?

सुलेखा : दुकानदार तर "सुलेखा राजकुमार साळवे" कोरायला निघाला होता. मी म्हटलं, अरे बाबा, भाऊ आहे तो माझा, नवरा नाही. म्हणून मध्ये "व" घालून घेतला.

राजकुमार : हसण्यावारी नेऊ नको. हे दौलताबादचं ताट आहे ना?

सुलेखा : व्हय.

राजकुमार : नाही जाणार ते.

सुलेखा : राजा, आईनं दवाखान्यात शेवटी काय सांगितलं ते तुला फोनवर सांगितलं होतं मी. यंदा दौलताबादच्या ताटावर पोरांची नावं घाल, म्हणाली. माझ्या नावानं पाठवलं तर ते माझ्याबरोबरच संपेल.

राजकुमार : संपू दे की! बेचाळीस वर्षं गेली ना ताटं? बेचाळीस नाताळ. एक तरी परत आलं? चष्मेवाल्याचा पोरगा साखर घालून देतो, आणि आपला सख्खा चुलता ताटच ठेवून घेतो. दरवर्षी आईनं नवं ताट घ्यायचं. हॉस्टेलच्या पोरींची अंथरुणं धुऊन घ्यायचं.

सुलेखा : ती तक्रार तिनं कधी केली नाही.

राजकुमार : म्हणून मी करतोय. बाबा साप चावून गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, तू नऊची. महिना झाला नाही तर कचरू साळवेंनी आईपुढं कागद ठेवला. सही कर, पोरं मोठी झाली की त्यांचं त्यांना देतो. आज्याची तीन एकर. त्यातली दीड आपल्या बाबांची. आई सही करून मोकळी झाली आणि आपण दोन भांडी घेऊन छावणीत आलो. मी पंचेचाळीसचा झालो, ताई. अजून किती मोठं व्हायचं?

सुलेखा : मला माहितीये रे सगळं. मी होते तिथं. दोन भांड्यांतलं एक माझ्या डोक्यावर होतं.

राजकुमार : मग तुला राग कसा येत नाही?

सुलेखा : येतो की. राग आला की मी करंज्या लाटते. बघ किती झाल्यात.

राजकुमार : मी आठ वर्षांचा होतो, आई मला घेऊन गेली होती ताट द्यायला. एसटीनं. आठवतं तुला?

सुलेखा : मला परीक्षा होती. मी नव्हते.

राजकुमार : द्वारका मोठीआईनं दारातच ताट घेतलं. कचरू साळवे बाहेर आलेच नाहीत. कुंपणाजवळ दोन पेरूची झाडं होती, पिकलेल्या पेरूंनी लगडलेली. आई म्हणाली, ते तुझं झाड आणि ते ताईचं. आज्यानं तुमच्या तुमच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी लावलेली. मी म्हटलं, मग एक पेरू घेऊ? आई म्हणाली, मागायचं नाही. माझ्या नावाचं झाड, ताई, आणि मागायचं नाही! एसटीत मी रडलो तर तिनं मला नानकटाई दिली. ती मी खिडकीतून फेकून दिली.

सुलेखा : हे मला कधी सांगितलं नाहीस.

राजकुमार : काय सांगायचं. माझ्या बॅगेत वकिलाची नोटीस आहे. लहान पोरांचा हिस्सा आईला असा सोडून देता येत नाही, असं तो म्हणतो. तुझी सही लागेल.

सुलेखा : कुठं करायची?

राजकुमार : करशील?

सुलेखा : का नाही करणार? बायबलातल्या सलाफहादाच्या पाच पोरी विसरलास काय? बाप मेला, भाऊ नाही. सगळ्या मंडळीपुढं उभ्या राहून म्हणाल्या, आमच्या बापाचं वतन आम्हाला द्या. देव काय म्हणाला? भांडखोर आहेत म्हणाला? पोरी बरोबर बोलतात, म्हणाला. मीही बरोबर बोलते. नोटीस पाठव. आणि ताटही जाऊ दे.

राजकुमार : एका हातात नोटीस आणि दुसऱ्या हातात करंजी?

सुलेखा : देवानं दोन हात दिलेत.

राजकुमार : नाही, ताई. नाबोथानं जीव दिला, पण बापाचा मळा राजाला दिला नाही. आपल्या आईनं मळाही दिला आणि वर फराळही पाठवला. माझ्या नावानं ते जाणार नाही.

सुलेखा : संडे स्कूलमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं होतं, वारस म्हणजे कोण? तू नऊ वर्षांचा. उठून म्हणालास, ज्याला कोर्टात जावं लागतं तो. सगळं चर्च हसलं.

राजकुमार : आई हसली नाही.

सुलेखा : नाही. रात्री भाकरी टाकताना तुला म्हणाली, वारस म्हणजे ज्याला बापाच्या घरी विचारून यावं लागत नाही.

राजकुमार : आणि मला स्वतःच्या झाडाचा पेरू विचारूनही मिळाला नाही. ऐक, ताई. ते ताट गेलं तर मी आजच पुण्याला परत जातो. उद्या नाताळ आहे तरी जातो. तू आणि तुझी बत्तीस ताटं.

सुलेखा : आई गेल्यावरचा पहिला नाताळ आहे, राजा.

राजकुमार : म्हणूनच सांगतोय.

सुलेखा : जुलैत आई गेली तेव्हा म्हणालास, कचरूला कळवायचं नाही. मी ऐकलं. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. आता हेही ऐकू?

राजकुमार : ऐक.

सुलेखा : बरं. संघपालच्या रिक्षाचा हॉर्न वाजला बघ. संघपाल! एकतीसच आहेत यंदा. व्हय, दौलताबादचं नाही. अरे, नाही म्हटलं ना! नाही, तब्येत बरी आहे माझी. राजा, ते ताट दे इकडं. फळीवर ठेवते, रुमाल झाकून.

राजकुमार : आपणच खाऊ की ते.

सुलेखा : हात लावून तर बघ.

(तीन दिवसांनंतर. त्याच घराचं दार. दुपार.)

राजकुमार : नको, आजोबा. भांडी नकोत आम्हाला.

कचरू : काय म्हनलं बाबा?

राजकुमार : पोत्यात स्टीलची भांडी आहेत ना? जुन्या कपड्यांवर देता ती? आम्हाला नकोत. पुढच्या गल्लीत बघा. उन्हातून आलात, पाणी हवं का?

कचरू : इकाया नाय आलो म्या. परत द्याया आलोय. चंपाबाई साळवेचं घर ह्येच ना? आयाबाई. हास्टेलवाली.

राजकुमार : हो, हेच. पण ती... तुम्ही कोण?

सुलेखा : कोण आहे रे राजा? ऊन येतंय, दार लाव की. अगोबाई. मोठे बाबा?

कचरू : सलाम, बाई. तू सुली ना? तोंडवळा बन्सीचा हाय अगदी. मंग ह्यो राजा असंल.

राजकुमार : तुम्ही कचरू साळवे?

कचरू : व्हय बाबा. आत येऊ का? पोतं जड हाय. आमच्या गावच्या शिवराजची जीप कोपऱ्यावर सोडून गेली.

सुलेखा : या, या. राजा, पोतं घे त्यांच्या हातातलं. बसा इथं, खुर्चीवर. पाणी आणते.

कचरू : पानी नगं आधी. चंपा कुठं हाय? निजली असंल तर उठवू नगं. म्या बसतो.

सुलेखा : मोठे बाबा, आधी पाणी घ्या.

कचरू : ताट आलं नाय, बाई. चोवीसला वाट पाह्यली. पंचवीसला उपासना नाय का काय नाय, वाटंवरच्या दगडावर बसलो. इतक्या वर्सांत खंड नाय. शहरात करफ्यू लागला, तवा दोन दिस उशिरा आलं, पर आलं. त्या रोगाच्या साली तोंडाला फडकं बांधून तो रिक्षावाला आला, कुंपणावर ठिवून गेला. पर आलं. यंदा नाय. म्हनलं चंपा आजारी पडली असंल. नायतर रागावली असंल. रागावली असंल तर बरं, असं म्हनतच आलो जीपमधी.

सुलेखा : मोठे बाबा...

कचरू : ते फळीवर काय हाय? रुमाल झाकलेलं. ते माझंच ना? मंग धाडलं का नाय? बघू. दे खाली. माझा चष्मा... ह्या खिशात. मास्तरचा पोरगा हाय म्या, उशीर लागतो पर वाचतो. सु... ले... खा. व. रा... ज... कु... बाई, ह्याच्यावर चंपाचं नाव कुठं हाय?

सुलेखा : चहा ठेवू का?

कचरू : चंपाचं नाव कुठं हाय, सुले?

सुलेखा : आई गेली, मोठे बाबा.

कचरू : कवा?

सुलेखा : जुलैत. अकरा तारखेला.

कचरू : जुलै, ऑगस्ट... पाच म्हयने. पाच म्हयने म्या जेवलो, निजलो, पेरूला पानी दिलं. अन् चंपा मातीत.

सुलेखा : बसा, बसा. राजा, उशी दे त्यांच्या पाठीला.

कचरू : कुनी सांगितलं नाय मला. गावात आपली दोनच घरं व्हती, दुसरं बी पुन्याला गेलं. कोन सांगनार.

राजकुमार : मी सांगू दिलं नाही. ताई कळवणार होती. मी नको म्हटलं.

कचरू : बराबर केलं, बाबा. माझ्यावानी मानसाला काहून सांगायचं. बराबर केलं. पर द्वारकाच्या मातीला चंपा आलती रे. सहा वर्स झाली. मला न सांगता आली, पाठीमागं उभी राह्यली, मूठभर माती टाकली न् गेली. माझ्याशी बोलली नाय. पर आली.

राजकुमार : आई? दौलताबादला?

सुलेखा : मी नेलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. तू ओरडला असतास.

राजकुमार : आणि आईच्या मातीला मी यांना...

सुलेखा : असू दे आता.

कचरू : पोतं सोड, बाबा. सोड. हळू, वाजत्यात.

राजकुमार : ही आईची ताटं आहेत.

कचरू : बेचाळीस. मोजून घे. द्वारका होती तवर दर नाताळाला राख लावून घासायची, ट्रंकंत ठिवायची. ती गेल्यावर म्या घासतो. एक बी वापरलं नाय. फराळ खाल्ला, खोटं काहून बोलू, समदा खाल्ला. पर तिच्या नावाच्या ताटात आमी कसं जेवनार.

सुलेखा : बघ, राजा. १९८३. अक्षरं अजून हातानं ठोकलेली आहेत. चंपाबाई बन्सी साळवे.

राजकुमार : परत का नाही दिलीत? एवढंच सांगा मला. ताट परत द्यायला काय लागतं? वर चिमूटभर साखर टाकायची. इथं परका माणूस देतो.

कचरू : परका देतो, बाबा, कारन त्याच्याकडं तिचं काय नसतं. माझ्याकडं व्हतं. रिकामं ताट देऊ नये. मंग त्यात घालायचं काय? साखर घालू? जे घालायचं ते दीड एकर व्हतं. ते ताटात घालायची हिंमत नव्हती, आन् दुसरं काय घालायची लाज वाटायची.

राजकुमार : हिंमत नव्हती की मन नव्हतं?

कचरू : मन नव्हतं. तू इचारलं म्हनून सांगतो. आपल्या सात पिढ्यांत कुनाच्या नावावर बांधाएवढी जमीन नव्हती. तुमचा आज्या फकिरा मास्तर, जलमभर दुसऱ्याच्या पोरांना शिकवून त्यानं तीन एकर केली. म्या त्याच्यामागं नांगर धरला. बन्सी शिकला, शहरात नोकरी बघत होता, मी मातीत व्हतो. बन्सी गेला तवा वाटलं, आता ह्याचे दोन तुकडे झाले तर शेत कुठं राह्यलं, नुसता बांध राह्यला. सही घेतली. पोरं मोठी झाली की देतो म्हनलो, ते खोटं नव्हतं. पर पहिल्या नाताळाला ताट आलं. वाटलं, आता लगीच दिलं तर लोकं म्हनतील फराळाला भ्यालो. पुढल्या वर्सी देऊ. पुढल्या वर्सी बी ताट आलं. दरवर्सी पुढलं वर्स व्हतंच की.

सुलेखा : आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कचरू : लई बरं झालं असतं. शिवी दिली असती तर म्या बी दिली असती, न् फिटलं असतं. तिनं करंज्या धाडल्या. करंजीला काय उत्तर द्यायचं, सांग.

राजकुमार : मी आठ वर्षांचा असताना आलो होतो तुमच्या दारात.

कचरू : निळी चड्डी. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायातली तुटलेली, हातात धरलेली.

राजकुमार : तुम्ही घरात होतात?

कचरू : दाराआड. तू झाडाकडं बघत व्हता. चंपा म्हनली, मागायचं नाय. म्या ऐकलं. झाड तुझं, पोरा, न् तुला मागायचं नाय म्हनाया लावलं म्या. तुमची एसटी गेली तसा पेरू तोडून फाट्यापर्यंत पळालो. एसटी दिसली, पर गाठता आली नाय. तो पेरू म्या खाल्ला नाय. रस्त्याकडंला ठिवून आलो.

सुलेखा : बसा, मोठे बाबा. डोळे पुसा. राजा, तू पण.

कचरू : सगळ्यांत वरचं ताट उचल, बाबा. ते गेल्या सालचं. फडक्यात बांधलंय. सोड.

राजकुमार : पेरू.

कचरू : देठाला लाल दोरा ते सुलीचे, बिनदोऱ्याचे तुझे. ती मास्तरनं लावलेली झाडं कवाच वाळली. पेरूला किती आयुष्य. पर वाळायच्या आधी त्याच्याच बियाचं रोप त्याच जागी लावलं. तेबी म्हातारं झालं, मंग पुन्हा. तिसरं चाललंय आता. आळ्यात दुसऱ्या झाडाचं रोप येऊ दिलं नाय. गावातली पोरं बी म्हनतात, सुलीच्या झाडाचा गोड, राजाच्या झाडाचा मोठा.

सुलेखा : ऐकलंस? माझा गोड.

राजकुमार : गावातल्या पोरांना आमची नावं माहीत आहेत?

कचरू : तुम्ही कोन ते माहीत नाय. झाडं माहीत हायेत. म्हनून आज पहिल्यांदा ताट भरलं. म्हनलं चंपासमोर ठिवीन, ह्ये तुझ्याच पोरांचं हाय, माझं काय नाय त्यात. आन् सांगीन, सोमवारी तलाठ्याकडं चल, तुझी दीड एकर तुझ्या नावावर घे. लई सराव करत आलो जीपमधी. शिवराज म्हनला, कोनाशी बोलताय, बाबा?

सुलेखा : खा, राजा. बघतोस काय.

राजकुमार : मोठे बाबा, माझ्या बॅगेत तुमच्या नावाची वकिलाची नोटीस आहे. खोटं कशाला बोलू. नवीन वर्ष लागलं की पाठवणार होतो.

कचरू : आन इकडं. कुठं सही करायची?

राजकुमार : नोटिशीवर सही करायची नसते. ती फक्त घ्यायची असते.

कचरू : मंग दे, घेतो. ह्या घरनं आलेलं कायबी म्या आजवर नाकारलं नाय.

सुलेखा : हसू नको, राजा. हसतोस काय!

राजकुमार : तूच हसतेस, ताई. राहू द्या ती नोटीस. सोमवारी मी सुट्टी वाढवून घेतो. तलाठ्याकडं तिघं जाऊ. दीड एकर ताईच्या आणि माझ्या नावावर. हक्काचं आहे, सोडणार नाही मी.

कचरू : सोडू नगं. मास्तरची हाय. पर इकू नगं, एवढं म्हनतो. म्हनायचा मला हक नाय.

राजकुमार : विकून काय करू? माझ्या पोरीला दाखवायचंय, हे आपलं. पुण्यात आठव्या मजल्यावर राहते ती. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आम्ही केक कापला. झाड लावायला जागाच नव्हती.

कचरू : तिचं नाव काय?

राजकुमार : अपेक्षा.

कचरू : सुलीच्या न् तुझ्या झाडामधी हाय की जागा. दोन रोपं बसतील. बी म्या ठिवलंय.

सुलेखा : चहा घ्या, गार होतोय. आणि राजा, तो पेरू आता टाकू नको खिडकीतून.

राजकुमार : ताई, खरंच मोठा आहे माझा. पण तुझ्याएवढा गोड नाही. गावातली पोरं बरोबर म्हणतात.

कचरू : सुले, चंपाला कुठं ठिवलंय?

सुलेखा : इथंच, छावणीच्या कबरस्तानात. भिंतीकडेला, कडुनिंबाखाली.

कचरू : मला न्हेतो का तिथं, राजा? म्या चालत जाईन, पर रस्ता ठावं नाय.

राजकुमार : चालत कशाला? गाडी आहे माझी. आधी तिथं जाऊ, मग तुम्हाला दौलताबादला सोडतो. झाडंही बघायची आहेत मला. ताई, तू येतेस ना?

सुलेखा : येते की. पण बेचाळीस ताटं अशी फरशीवर पसरून जाऊ? थांब. ही आता ट्रंकेत नाही ठेवायची. यादीत अजून घरं वाढवते. मोठे बाबा, उठा सावकाश. काठी कुठं आहे तुमची?

कचरू : काठी नाय. पोतं व्हतं हातात, त्याचाच आधार होता.

राजकुमार : माझा हात धरा. थांबा, एक राहिलं. फळीवरचं ताट. ताई, दे ते.

सुलेखा : तू देतोस?

राजकुमार : माझं नाव आहे ना त्याच्यावर? घ्या, मोठे बाबा. तीन दिवसांच्या करंज्या आहेत, पण खुसखुशीत आहेत अजून. मांडीवर धरून बसा गाडीत, नानकटाईचा चुरा होतो.

कचरू : धरतो बाबा. पुढल्या वर्सी, म्या असलो तर, ताट द्याया येऊ का?

राजकुमार : विचारायचं नाही. यायचं. रिकामं आणलं तरी चालेल.